स्क्रिप्टला लागलेला वेळ: डेटमधून डेट वजा केलं की झालं?

सातपूरकर: लिनक्सवर स्क्रिप्टला, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कमांडच्या फाईलला, किती वेळ लागला ते मोजायला काल इथं एकानं लिहिलं, "सुरुवातीला डेट प्लस टक्का एस, शेवटी पुन्हा तेच, वजाबाकी करा. बाकी सगळं पांडित्य." राहवलं नाही म्हणून लिहितोय. डेट ही कमांड मशीनच्या घड्याळातली वेळ सेकंदांत देते, आणि ते भिंतीवरच्या घड्याळासारखं आहे. मध्येच कुणी काटे फिरवले की वजाबाकी खोटी.

अंबडवाला: ते मीच लिहिलं होतं. माझा बॅकअप चाळीस मिनिटं चालतो, सेकंद इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं? एवढंच असेल तर बॅशमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलमध्ये, सेकंड्स हा आपोआप वाढणारा आकडा असतो; तो सुरुवातीला शून्य करा, शेवटी वाचा.

सातपूरकर: सेकंड्सही आतून तेच घड्याळ बघतो! आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बिन-एसएच लिहिलंत तर उबुंटूवर बॅशऐवजी डॅश हा दुसरा शेल चालतो. तिथं शून्य टाकलं की शून्यच राहतं.

निफाडचा बागायतदार: बिघडतं काय ते सांगतो. ठिबकची मोटर रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर आहे. त्यात घड्याळाची बॅटरी नाही. लाईट पावणेदोन तास गेली. आल्यावर पाय जुन्याच वेळेवर उठला, स्क्रिप्ट सुरू झाली, मागून नेट आलं, पायनं त्यावरून वेळ जुळवली आणि घड्याळ पावणेदोन तास पुढं. दोन तासांचं पाणी पंधरा मिनिटांत बंद. सकाळी ड्रिपरखाली बोट खुपसलं तर दोन पेरांखाली माती कोरडी. द्राक्षाचे मणी फुगायचे दिवस होते.

दिंडोरीकर: दादा, दोष स्क्रिप्टचा नाही, विजेचा आहे. थ्री फेज रात्रीची का? बिबट्याच्या भीतीत माणूस बांधावर जात नाही, म्हणून तर ही यंत्रं बसवावी लागतात.

अंबडवाला: विषय वेळ मोजण्याचा आहे. वीज दुसरीकडे काढा.

दिंडोरीकर: इन्व्हर्टरखाली बसून विषय ठरवू नका. आमच्या गटात या आठवड्यात दिवसाची, पुढच्या आठवड्यात रात्रीची. माझे वडील रात्री अडीचला स्टार्टर दाबायला गेले आणि घसरून मनगट मोडून आले. आमच्यासाठी वेळ मोजणं म्हणजे हेच.

अंबडवाला: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. शब्द मागे घेतो.

सातपूरकर: निफाडकर, लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधल्या अपटाइम फाईलचा पहिला आकडा घ्या. मशीन उठल्यापासूनचे सेकंद, दशांशानंतर दोन घरं. नेटनं घड्याळ हललं तरी तो हलत नाही.

निफाडचा बागायतदार: पण मध्येच लाईट गेली तर तोही शून्यावर येणार ना?

सातपूरकर: येणार. म्हणून झालेली मिनिटं दर मिनिटाला फाईलमध्ये लिहा, उठल्यावर तिथून पुढं मोजा.

अंबडवाला: मोटरीसाठी मान्य. बॅकअपला मी डेटच वापरणार.

निफाडचा बागायतदार: बरं. आज रात्री साडेबाराची लाईट आहे, तेव्हा लावतो.