मॅच बुलेट घेऊन मोठ्या जनावरावर जावं का? (टेक्सासचा रोजडा आणि आमचा भाचा)

पन्नासमीटर (इंदूर)

आधीच सांगतो, शिकारीची वकिली करायला धागा काढलेला नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली ते बरंच झालं. मी स्वतः पंचवीस वर्षं नुसती कागदाला भोकं पाडतोय, पॉइंट टू टू रायफल, पन्नास मीटर, प्रोन म्हणजे पालथं झोपून. पण भाचा टेक्सासात असतो, तिथं रीतसर लायसन काढून सीझनला जातो, आणि परवा त्यानं व्हॉट्सअपवर जो फोटो टाकला त्यावरून आमच्यात चांगलीच जुंपली, म्हटलं इथं चार लोकांसमोर होऊन जाऊ दे.

फोटोत एक स्टीलची वाटी, आमच्या ताईनं नेलेल्या सेटमधलीच. त्यात बुलेटचं तांब्याचं जॅकेट, म्हणजे शिशावरचं आवरण, फुटक्या पिस्त्याच्या टरफलासारखं वळलेलं, आणि बाजूला शिशाचे कण, राई सांडावी तसे. हे सगळं निघालं एका नर रोजड्याच्या खांद्यातून. हो, आपलाच रोजडा, नीलगाय. गेल्या शतकाच्या पहिल्या अर्धात तिकडच्या किंग रँचवाल्यांनी नेऊन सोडले, आता दक्षिण टेक्सासात हजारोंनी आहेत. तर याची रायफल सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमोर (काडतुसाचं नाव), बुलेट १४० ग्रेनची (साधारण ९ ग्रॅम), प्लास्टिकच्या टोकाची, म्हणजे पॉलिमर टिपवाली, पण मॅचची. म्हणजे टार्गेटसाठी बनवलेली. अंतर २२० यार्ड. गोळी खांद्याच्या हाडावर बसली, तिथंच तिचा चुरा झाला, छातीपर्यंत पोचलीच नाही, आणि जनावर तीन पायांवर झाडीत घुसलं ते तीन तासांनी सापडलं, जिवंत, मग दुसरी गोळी.

माझं म्हणणं एवढंच की मॅच बुलेट बनवणारा कारागीर जनावराचा विचारच करत नाही. त्याला प्रत्येक नग सारख्या वजनाचा हवा, बूड एकदम गुळगुळीत हवं, जॅकेट सगळीकडून सारखं. टोकाला जे सुईच्या नाकाएवढं भोक दिसतं ते फुलण्यासाठी (आत शिरल्यावर टोक पसरून रुंद होण्यासाठी) नसतंच, जॅकेट बुडाकडून टोकाकडे ओढून मिटवतात म्हणून शेवटी उरतं. प्लास्टिकची टिप लावली तरी आतलं जॅकेट पातळच. शिकारीच्या बुलेटचं जॅकेट बुडाकडे जाड ठेवतात, कुठं आत कडं असतं, कुठं शिसं जॅकेटला झाळलेलं असतं, म्हणजे पुढचा भाग फुलला तरी मागचा गोळा आत घुसत राहतो. आणि अॅक्युरसीचं कौतुक कुणाला सांगतोस रे बाबा? आमच्या पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची, तिथं मला मॅच हवीच. जनावराची काळीज-फुप्फुसाची जागा ताटाएवढी. साधी वन एमओएची रायफल (शंभर यार्डांवर साधारण एक इंचाचा फैलाव) ३०० यार्डांवर ८ सेंटिमीटरचा ग्रुप देते, म्हणजे सगळ्या गोळ्या तेवढ्या जागेत, तुझी मॅच बुलेट ४ देईल. वाचवलेल्या त्या ४ सेंटिमीटरचं तू करणार काय, लोणचं?

मेस्किटमधला_मालवी

मामा, वाटीचा फोटो फॅमिली ग्रुपवर होता हो, इथं कशाला 😅 पण आता आणलाच आहात तर दुसरी बाजूही लिहितो.

ह्याच रायफलनं, ह्याच बुलेटनं मी गेल्या चार सीझनमध्ये अकरा व्हाइटटेल हरणं घेतली. नऊ जागेवर, दोन वीस-पंचवीस पावलांत. का, तर फासळ्यांतून गोळी आत गेली की दोन-तीन इंचांनंतर फुटते आणि फुप्फुसाचं पीठ करते. डॉक्टर मार्टिन फॅकलर म्हणून अमेरिकन आर्मीचे सर्जन होते, गोळीच्या जखमांची त्यांनी लॅबच चालवली, त्यांचं मांडणं हेच होतं की तुकडे आधी मांसाला ठिकठिकाणी छिद्रं पाडतात आणि मग गोळीच्या वेगानं मांस जे क्षणभर फुगतं ते त्या छिद्रांवरून फाटतं, नुसतं ताणून परत जागेवर येत नाही. म्हणजे फुटणं हा दोष कसा, ते तर काम करतंय.

आणि तुमच्या त्या मजबूत बुलेट? पूर्ण तांब्याच्या बऱ्याचशा बुलेटना नीट फुलायला सेकंदाला १८००-२००० फूट वेग लागतो. लांबवर वेग पडला की पेन्सिल खुपसावी तसं इकडून तिकडे भोक, जनावर अर्धा मैल पळतं. डब्यावर हरणाचं चित्र आहे म्हणून ती बुलेट चांगली, असं होत नाही ना मामा.

रोजड्याच्या वेळी माझा नेम चुकला, बुलेट नाही. तो तिरका उभा होता, मी थांबायला हवं होतं.

महूचा_सुभेदार

भाचेसाहेब, जय हिंद. महूला इन्फंट्री स्कूलमध्ये बरीच वर्षं काढली, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क समजतो.

तुम्हाला एक गंमत सांगतो. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत गोऱ्यांची तक्रार होती की पॉइंट थ्री झिरो थ्रीची नवी जॅकेटवाली गोळी माणसातून आरपार जाते आणि माणूस येतच राहतो. मग कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्लेनं टोकाचं जॅकेट काढून शिसं उघडं ठेवलं, तीच दमदम गोळी. १८९९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं की फुलणारी गोळी लढाईत चालणार नाही. आता पुढे ऐका. अमेरिकन स्नायपरांना मॅच बुलेट हवी होती, टोकाला भोक असलेली. लोक म्हणाले ही तर हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाची फुलणारी गोळी, हेगमध्ये बसत नाही. तेव्हा १९९० साली त्यांच्या लष्कराच्या वकिलांनी लेखी मत दिलं की ते भोक बनवण्याच्या पद्धतीमुळे आलंय, ही गोळी फुलण्यासाठी बनवलेलीच नाही, बिनधास्त वापरा.

म्हणजे वकिलांनी कागदावर लिहून दिलंय की फुलणं हा तिचा हेतू नाही, आणि तुम्ही तिच्याकडून हरणात फुलण्याची अपेक्षा धरून बसलाय! बुलेट बनवणारे सिएरावाले स्वतः आपल्या मॅचकिंग या मॅच बुलेटबद्दल सांगतात की बहुतेक शिकारीसाठी आम्ही शिफारस करत नाही. बनवणाऱ्याचं तरी ऐका.

मेस्किटमधला_मालवी

सुभेदारसाहेब, नमस्कार. हेतू वेगळा आणि होतं ते वेगळं, असं खूपदा असतं. बर्गर ही बुलेट कंपनी आधी टार्गेटच्याच बुलेट बनवायची, शिकाऱ्यांनी त्या पातळ जॅकेटच्या बुलेट हरणावर वापरल्या, त्या चालल्या, मग कंपनीनं शिकारीच्या नावानं वेगळी लाइन काढली. वापरणाऱ्यांनी आधी दाखवलं, डबा मागून छापला. इकडे तर टू टू थ्री या छोट्या काडतुसातून ७७ ग्रेनची टिपवाली मॅच बुलेट, म्हणजे जेमतेम ५ ग्रॅमची, ती घेऊन एल्क (मोठं हरीण) आणि अस्वलावर जाणारे लोक आहेत आणि ते फोटोसकट जखमा दाखवतात. मी तेवढा धाडसी नाही, पण त्यांना खोटंही म्हणू शकत नाही.

पोहे_कमी_जिरावन_जास्त

अरे भिया लोक, सकाळी सकाळी छप्पन दुकानला पोहे खाता खाता वाचतोय आणि तुम्ही फुप्फुसाचं पीठ लिहिताय. जरा वाचणाऱ्याचा विचार करा.

बाकी मुद्दा कळला नाही असं नाही. भाच्याचा नेम चुकला की बुलेट, एवढाच प्रश्न आहे ना?

गायवासरू (बडोदा)

मी जनावरांची डॉक्टर आहे, रायफलीतलं मला फार कळत नाही पण खांद्यातलं कळतं, म्हणून लिहिते.

खांदा खांदा म्हणून सगळे एकच समजताय. वरचं फऱ्याचं हाड चपटं, मधे पातळ, त्यातून बरंच काही आरपार जाईल. त्याखाली जो सांध्याचा गोळा असतो, दंडाच्या हाडाचं डोकं, ते मोठ्या नरात मुठीएवढं आणि भरीव. नीलगायीचा पूर्ण वाढलेला नर दोनशे-अडीचशे किलोचा असू शकतो आणि त्याची मानेवरची, छातीवरची कातडी नुसती जाड नसते, ढालीसारखी असते, नर एकमेकांशी भिडतात म्हणून. व्हाइटटेलचा नर त्याच्या निम्म्याहूनही कमी. फासळ्यांमधल्या मऊ जागेतून गेलेली गोळी दोन इंचांवर फुटली तर ती फुप्फुसात फुटते. कातडी, मांस आणि तो सांधा पार करायचा असेल तर दोन इंचांवर ती सांध्यातच फुटणार, फुप्फुस त्याच्याही पलीकडे. तुमच्या अकरा हरणांवरून रोजड्याचा अंदाज काढणं म्हणजे शेळीचा डोस म्हशीला देणं.

तो प्राणी तीन तास जिवंत होता हे वाक्य तुम्ही दोघांनीही पटकन ओलांडलंत. सांधा फुटलेलं जनावर माझ्या टेबलावर येतं तेव्हा कसा श्वास घेतं ते मी बघते. मला या धाग्यात तेवढाच मुद्दा दिसतो.

अजून एक. शिशाचे कण जखमेच्या भोवती डोळ्याला दिसतात त्याच्या बरेच पलीकडे गेलेले असतात, एक्स-रेत बर्फाच्या भुरभुरीसारखे दिसतात. कॅलिफोर्नियात कॉन्डोर गिधाडं मेलेल्या जनावरातलं शिसं खाऊन मरायला लागली, शेवटी १ जुलै २०१९ पासून तिथं शिकारीला शिशाची गोळीच बंद केली. खांद्याचं मांस ठेवलंत का?

निमाडकर

तुमच्याकडे १४० ग्रेन की १८० ग्रेन, आमच्याकडे हरभरा राहतो की जातो. रात्री आठ-दहा रोजडे आले की सकाळी शेत रोलर फिरवल्यासारखं. अर्ज करा, परवानगी येईपर्यंत पीक उठतं. शाजापूरकडे मागे हेलिकॉप्टरनं हाकून बोमा (निमुळतं होत जाणारं कुंपण) लावून पकडले, तसं काही आमच्याकडे झालं तर बरं. ताईंचं पटलं. जखमी रोजडा शेतात येऊन पडला तर दोन दिवस घरात कुणी जेवत नाही.

पन्नासमीटर (इंदूर)

डॉक्टरताई, फारच नेमकं लिहिलंत. मीही ते तीन तास एका ओळीत उरकले, चूक आहे.

भाच्या, तुला एक जुनी गोष्ट सांगतो. १९४६ साली जॉन नोस्लर नावाचा माणूस मूस या भल्या थोरल्या हरणाच्या शिकारीला गेला, अंगावर चिखल वाळलेला नर, हातात थ्री हंड्रेड मॅग्नम, जोरदार काडतूस. गोळ्या आत जाईनात, वरच फुटायच्या. घरी येऊन त्यानं विचार केला आणि १९४८ साली पार्टिशन नावाची बुलेट काढली, जॅकेटच्या मधोमध आडवी भिंत. पुढचं शिसं फुटेल तर फुटू दे, भिंतीमागचं पुढे जाणार. हा धडा पाऊणशे वर्षांपूर्वी शिकून झालाय रे, तू परत पैसे भरून शिकतोयस.

मेस्किटमधला_मालवी

मामा, तुम्ही माझ्याच बाजूनं बोललात की! नोस्लरच्या हातात जी बुलेट होती ती शिकारीचीच होती. डब्यावर शिकार लिहिलेलीच फुटली ना?

पोहे_कमी_जिरावन_जास्त

मामा गेले. 😂

पन्नासमीटर (इंदूर)

कुठं नाही गेलो. फुटली का, ते बघ. काडतूस जोरात, बुलेट मऊ, जनावर जाड, अंतर कमी म्हणून वेग भरपूर. तुझ्या २२० यार्डांवर तेच चारही जुळले. तू पाचशे-सहाशे यार्डांची गोष्ट करतोस तिथं तुझ्या मॅच बुलेटचा वेग पडलेला असतो, ती हळू फुटते, म्हणून तिथं ती शहाणी वाटते. जवळ आली की बिथरते. शिकारी काय अंतर मागून घेतो का? आणि सहाशेवर तर गोळी पोचायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं, तुझा तो बारीक ग्रुप पोटात. लांबून मारायचं म्हणून मॅच बुलेट आणि मॅच बुलेट आहे म्हणून लांबून मारायचं, हे चक्र मला खटकतं.

तू म्हणतोस तिरका होता, थांबायला हवं होतं. मान्य. मी रेंजवर पंचवीस वर्षं झोपून, पट्टा बांधून, श्वास धरून मारतो तरी साठात एक शॉट असा जातो की कळत नाही कुठून गेला. तू तर झाडीत, घामेजलेला, काळजात धडधड. चुकलेल्या शॉटलाही आत पोचेल अशी बुलेट हवी. नीट बसलेल्या शॉटला काय, काहीही चालतं.

महूचा_सुभेदार

शेवटचं वाक्य रेंजच्या भिंतीवर रंगवून घ्या मामा. बाकी मुलगा प्रामाणिक आहे, वाटी दाखवली तरी त्यानं. आमच्या वेळी असे किस्से मेसमध्ये दुसऱ्याच्याच नावावर असायचे.

मेस्किटमधला_मालवी

ठीक आहे, अर्धं मान्य करतो. रोजड्यासाठी गाइडनं आधीच सांगितलं होतं की माझी थ्री हंड्रेड घे, १८० ग्रेनची भिंतवाली आहे, मीच ऐटीत नको म्हटलं. पुढच्या वेळी त्याचीच रायफल घेईन. व्हाइटटेलला मात्र माझी मॅचच राहणार, फासळ्यांतून, तीनशेच्या आत, आडवा उभा असेल तरच. यावर मामा, मी इंदूरला आलो की भांडा, सराफ्यात खाता खाता, तुमच्या खर्चानं.

डॉक्टरताई, खांद्याचं मांस नाही ठेवलं. जवळजवळ चार किलो काढून टाकलं, कापताना सुरीला कण लागत होते. मागच्या पायाचं ठेवलंय.

वाटी अजून ओट्यावर आहे. बायको रोज विचारते, टाकू का हे.

गायवासरू (बडोदा)

वाटी नीट घासून घ्या हो, आणि जेवणाच्या भांड्यांत परत नको.