अनुभव धागा: फोकसही आपला, उजेडही आपलाच

राम मारुती रोडवर पाडव्याची शोभायात्रा पाहायला उभी होते. समोर ढोलपथक, सगळ्यांचे कुर्ते पांढरेशुभ्र. मोबाईलमध्ये ते कुर्ते मळकट आणि चेहरे काळवंडलेले येत होते. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो. भरपूर पांढरं दिसलं की उजेड कमी करतो. माझ्या पेंटॅक्स के१००० या फिल्म कॅमेऱ्याचा मीटरही तेच करतो, पण त्याचा काटा फक्त सुचवतो, ठरवत नाही. मी उन्हात तळहात धरून मोजलं, दाखवलं त्याहून एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड येईल इतकं उघडलं. कुर्ते पांढरे आले, ढोल वाजवणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यावरचा घामही आला.

फोकस, उजेड हे सगळं हातानं ठरवणारे इथे आणखी कोण आहेत? ठाणे-नवी मुंबईतले तुमचे अनुभव लिहा. कॅमेरा फिल्मचा असो की डिजिटल.

ऐरोली

माझा डिजिटलच आहे, पण खाडीवर गेलो की ऑटोफोकस बंद. बोटीतून फ्लेमिंगोंकडे लेन्स वळवली की मध्ये येणारी खारफुटीची फांदी आधी पकडली जाते आणि पक्षी मागे धूसर. ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी खात खात एका रेषेत सरकत जातात. ते जिथे येतील तिथलं फोकसचं अंतर लावून ठेवतो आणि थांबतो. पंधरा मिनिटांत दोनच फोटो झाले तरी चालतं. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला तेव्हा आनंद झाला होता. थांबून बघायची सवय मात्र मला या लेन्सच्या रिंगनं लावली.

चरई, ठाणे

माझी गोष्ट जरा उलटी. काकांचा याशिका इलेक्ट्रो 35 हा फिल्म कॅमेरा मिळाला. तो मुळात ऑटोमॅटिक: ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, आपण लावायचं; शटर किती वेळ उघडायचं ते तो ठरवणार. त्याचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही, आणि सेल नसेल तर शटर एकाच वेगानं चालतं, 1/500 सेकंद. मग 400 संवेदनशीलतेचा रोल भरला आणि तलावपाळीला गेलो. लख्ख ऊन असेल तर ॲपर्चर एफ16 (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), ऊन मऊ झालं की 11, ढग आले की 8. तीन रविवार नुसता उजेड बघत हिंडलो. तलावाच्या पाण्यावर ऊन कधी फिकं होतं ते आता डोळ्यांना आधी कळतं. अडॅप्टर लावून दुसरा सेल बसवता येतो, ठाऊक आहे. पण बसवलेला नाही.

दिवाळे, बेलापूर

बाबांकडे आगफा क्लिक कॅमेरा होता. रोलमध्ये बाराच फोटो, चौकोनी. नारळी पौर्णिमेला होडी सजली की आई म्हणायची, "आता काढा." बाबा म्हणायचे, "थांब, अजून सगळे आले नाहीत." आजी येऊन बसल्याशिवाय त्यांनी कधीच बटण दाबलं नाही. त्यामुळे आमच्याकडच्या प्रत्येक होडीच्या फोटोत आजी आहे.

कोपरखैरणे

मी थोडं विरोधात लिहिते. मुलगी दीड वर्षाची आहे, ती फोकस लावेपर्यंत थांबत नाही, तिच्यासाठी ऑटोफोकसच. शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत जुन्या लेन्सला बुरशी धरते. माझी एक 50 मिमी तशीच गेली. आता हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवते, आणि जेल ओलं झालं की बदलते. जुना कॅमेरा घेताना मागच्या झाकणाच्या कडेचा फोम बोटानं दाबून बघा. चिकट झाला असेल तर उजेड आत शिरतो.

कळवा

कोपरखैरणेच्या ताई, पळणाऱ्या मुलीसाठी एक करून बघा. 35 मिमी लेन्स, एफ11, अंतर पावणेचार मीटरच्या जवळ लावून ठेवा. साधारण दोन मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं, फोकसला हात लावायला नको. मी जांभळी नाक्याच्या बाजारात सकाळच्या उन्हात असंच काढतो. घरात मात्र जमणार नाही, उजेड पुरत नाही.

कोपरखैरणे

करून पाहिलं, सोसायटीच्या बागेत, सकाळी नऊला. सात फोटोंपैकी चार नीट आले. एकात ती चप्पल हातात घेऊन पळतेय.