शेल्बी जीटी-५०० : दुप्पट पैसे मोजण्याइतकी आहे का?

नोव्हीकर
मंडळी, म्हणायला सल्ला मागतोय, पण खरी हवी आहे ती परवानगी. डेट्रॉईटजवळ नोव्हीत राहतो. घरी एक सिएना आणि एक म्हातारी कोरोला. गेल्या शनिवारी एका यार्डात २०२१ ची फोर्ड मस्टँग शेल्बी जीटी-५०० बघितली. एकच मालक, ९ हजार मैल, निळा रंग. मागतायत ८८ हजार डॉलर. हे मॉडेल २०२० साली आलं तेव्हा सगळं धरून ७४ हजारांपासून सुरू होत होतं, म्हणजे वापरलेली गाडी कोरीपेक्षा महाग! शेजारीच त्याच वर्षाची साधी मस्टँग जीटी उभी होती, ३३ हजारांना. तीही व्ही-८, पण ४६० हॉर्सपॉवरची. लांबून बघणाऱ्याला दोघी बहिणीच वाटतील.

मग मी बटण दाबलं. आवाज मोठा असणार हे माहीत होतं. पण त्या गडगडाटावर एक बारीक सूर चढतो, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरचा. लहानपणी पिठाच्या गिरणीत पट्टा फिरायला लागला की जसा सूर लागायचा, अगदी तसा. यार्डातला पोरगा म्हणाला, जरा रेझ करा. मी केली नाही. हात थरथरत होते हे त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

माझी बाजू अशी : ७६० हॉर्सपॉवर कारखान्यातून, वॉरंटीसकट मिळत होती. आणि ही मसल कारची जात संपत आली आहे. जीटी-५०० चं उत्पादन २०२२ च्या मॉडेलबरोबर थांबलं. डॉजची चॅलेंजर डिसेंबर २०२३ मध्ये गेली, शेवरलेची कॅमॅरोही त्याच महिन्यात. म्हणून जास्तीचे पैसे योग्य वाटतात. चुकत असेन तर झोडा.

हिशेबी_भाऊ
झोडायला बोलावलंत, आलोच.

आधी व्याख्या. मसल कार म्हणजे काय होतं? १९६४ साली पाँटिअ‍ॅकने टेम्पेस्ट लमाँ या मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठं ३८९ घनइंची व्ही-८ बसवायची सोय केली. तिचं नाव जीटीओ, आणि या पॅकेजचे जादा पैसे तीनशे डॉलरच्या आत. १९६८ मध्ये प्लिमथने रोड रनर काढली. आत गालिचासुद्धा धड नाही, पण इंजिन दणदणीत आणि किंमत तीन हजारांच्या आत. कारखान्यात पाळीवर काम करणारा पंचविशीचा पोरगा हप्त्यावर घेऊ शकेल, हीच तर त्या गाडीची जात! श्रीमंताच्या युरोपियन गाडीला सिग्नलवर मागे टाकायचं आणि उरलेल्या पैशात लग्न करायचं.

आता तुमचा हिशेब. साधी जीटी २०२० साली सुमारे ३७ हजारांपासून, ४६० घोडे. घोड्यामागे ८० डॉलर. शेल्बी ७४ हजार, ७६० घोडे. घोड्यामागे ९७. पण खरा आकडा पुढेच आहे : वरचे ३०० घोडे तुम्ही ३७ हजारांना घेताय, घोड्यामागे १२३ डॉलर. आणि तुम्ही ७४ नाही, ८८ देणार आहात. ते ३०० घोडे वापरणार कुठे? आय-९६ हायवेवर ताशी ७० मैलांची मर्यादा आहे. तिथे ते सगळे तबेल्यात बसून दाणा खाणार.

पेठेतला
तुमच्या घोड्यांच्या बाजारात पुण्याचाही एक भाव ऐका. २०१६ मध्ये मस्टँग जीटी भारतात अधिकृत आली, ५ लिटरची, ४०१ पीएस. एक्स-शोरूम ६५ लाख. तेव्हाच्या दराने जवळजवळ एक लाख डॉलर झाले, आणि तेही साध्या जीटीचे, शेल्बीचे नव्हे. पूर्ण तयार होऊन येणारी गाडी, इंजिन ३ लिटरच्या वर, त्यामुळे तेव्हा सीमाशुल्क १०० टक्के. वर महाराष्ट्रात आयात गाडीला २० टक्के रोड टॅक्स. मी एकदा भोसलेनगरात एक बघितली होती, स्पीडब्रेकरवर तिरकी करून हळूहळू चढवत होते. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. ४०१ घोडे, आणि पुढे रिक्षा गेली.

तेव्हा नोव्हीकर, तुम्हाला ८८ हजार महाग वाटत असेल तर इकडे या, स्वस्त वाटायला लागेल.

कॅलिब्रेशनवाली
मी मिशिगनमध्येच इंजिनांच्या कॅलिब्रेशनवर काम करते (कुठल्या कंपनीत ते विचारू नका). हिशेबी_भाऊंचं गणित बरोबर, मांडणी चूक. घोडा ही काही किलोवर विकायची वस्तू नाही.

साध्या जीटीला बाजारातला सुपरचार्जर लावला तर आठ-दहा हजार डॉलरमध्ये ७०० घोडे मिळतात. एका ओढीला मिळतात, हे महत्त्वाचं. सलग वीस मिनिटं ट्रॅकवर पिळलीत तर इंजिनात जाणारी हवा तापते, तेल तापतं, गिअरबॉक्स तापतो, आणि संगणक इंजिनला वाचवायला ताकद कापत जातो. चौथ्या फेरीला तुमच्या हातात पुन्हा साडेचारशे घोडे. ताकद काढणं फार महाग नाही, ती थंड ठेवणं महाग आहे.

शेल्बीत पैसे तिथे गेलेत. ५.२ लिटरचा ब्लॉक, सिलिंडरच्या आत ओतीव स्लीव्हऐवजी तारेच्या फवाऱ्याने दिलेला धातूचा मुलामा. २.६५ लिटरचा सुपरचार्जर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत उलटा बसवलेला, म्हणजे वजन खाली येतं आणि बॉनेट मिटतं. ट्रेमेक कंपनीचा ७ गिअरचा, स्वतःच गिअर बदलणारा ड्युअल क्लच गिअरबॉक्स. पुढच्या ब्रेकच्या चकत्या ४२० मिलिमीटरच्या, आपल्या घरच्या ताटापेक्षा मोठ्या. आणि बॉनेटवरचं ते भलंमोठं भोक बघितलंत? त्याच्या खाली ॲल्युमिनियमचा एक ट्रे असतो. ट्रॅकवर जाताना तो काढायचा, गरम हवा सुटते आणि पुढचं टोक खाली दाबलं जातं. परत येताना पाऊस लागला तर तो बसवायचा. हे असलं काम करायला एका टीमची वर्षं जातात आणि ते पैसे मोजक्याच गाड्यांवर वाटले जातात. साध्या मस्टँगचा खर्च लाखांवर वाटला जातो.

नोव्हीकर, तुम्ही ट्रॅकवर जाणार आहात का? असाल तर गाडी स्वस्त आहे. फक्त देवळात आणि पॉटलकला नेणार असाल, तर तुम्ही दुसऱ्या कुणाच्या ट्रॅकवरच्या शनिवारचे पैसे भरताय.

हिशेबी_भाऊ
ताई, मान्य. पण मग १० हजार डॉलरचे पट्टे कुठल्या थंडाव्यासाठी? शेल्बीवर कारखान्यात रंगवलेले पट्टे हवे असतील तर १० हजार जादा, हा पर्याय यादीत होता. आणि १८,५०० चं कार्बन फायबर ट्रॅक पॅकेज. त्यात काय? कार्बनची चाकं, मागे मोठा पंख, रेकारोच्या सीटा, आणि *मागची सीट काढून टाकलेली*. आमच्याकडे भंगारवाला सीट काढून नेतो आणि वर आपल्याला पैसे देतो.

कॅलिब्रेशनवाली
पट्ट्यांचा बचाव मी करणार नाही. त्या खोलीत मी नव्हते.

ट्रॅकवेडा_ओहायो
माझ्याकडे जीटी-५०० नाही, जुनी जीटी आहे, पण जिंजरमनच्या ट्रॅकवर (साउथ हेवन, मिशिगन) वर्षातून तीन-चारदा जातो आणि तिथे दोन शेल्ब्या नेहमी भेटतात. गाडीची किंमत विसरा, ती एकदाच द्यायची. ट्रॅक पॅकेजवाल्या गाडीला मिशलॅनचे कप-२ टायर येतात, चारांचे दोन हजारांच्या वर. दमाने चालवणाऱ्याचे एक हंगाम जातात, माझ्यासारख्याचे चार दिवस. गाडीचं वजन १,८०० किलोच्या वर, तेवढी वस्तू वळणावर आवरायची म्हणजे रबर जाणारच. पेट्रोल ९३ ऑक्टेनचं. सरकारी आकडा शहरात गॅलनला १२ मैल, हायवेला १८. ट्रॅकवर तो आकडा बघू नये.

आणि हो, थंडीत ते टायर दगड होतात. मिशिगनमध्ये राहताय, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल गाडी गोधडीत. टाकी भरून ठेवा, बॅटरीला चार्जर लावून ठेवा आणि सायलेन्सरच्या नळ्यांत तारेच्या जाळीचे बोळे घाला, उंदीर जातात. मित्राच्या गाडीत गेले होते. मार्चमध्ये त्याने स्टार्ट मारला तर मागून अक्रोडाची टरफलं उडाली.

प्लगइन_प्रिया
सगळे जुनेच आकडे का चघळताय? टेस्लाची मॉडेल-३ परफॉर्मन्स त्याच २०२० साली ५५ हजारांच्या आसपास होती, ताशी ६० मैल गाठायला साडेतीन सेकंदांच्या आत. म्हणजे शेल्बीच्या बरोबरीला, किंवा किंचित पुढेच. चार दारं, मागे मुलांच्या सीटा बसतात, आणि उंदरांची भीती निदान सायलेन्सरमध्ये तरी नाही. वेगासाठी जादा पैसे देताय म्हणाल तर केस तिथेच संपली.

ट्रॅकवेडा_ओहायो
सिग्नलपुरती संपली. वेगाचीच गोष्ट असेल तर टेस्लापर्यंत कशाला जायचं, २०२० ची कॉर्व्हेट घ्या. इंजिन मध्यावर, ४९० घोडे, तेव्हा ६० हजारांना पाच डॉलर कमी, आणि ताशी ६० मैल तीन सेकंदांच्या आसपास. शेल्बीपेक्षा १४ हजार कमी! अमेरिकेत स्पोर्ट्स कारमध्ये इतकं पैसे वसूल माझ्या माहितीत दुसरं नाही. माझं मत कॉर्व्हेटला.

हिशेबी_भाऊ
किंवा चॅलेंजरची हेलकॅट. २०१५ च्या मॉडेलला ७०७ घोडे, मूळ किंमत ६० हजारांच्या आत. घोड्यामागे ८५. मागे तीन माणसं बसतात. ही खरी मसल कार, जड, बेशिस्त आणि त्यातल्या त्यात स्वस्त. शेल्बीला धड मसल कार राहायचं नाही, धड पोर्शा व्हायचं नाही.

बुलेटप्रेमी_सातारा
एक शंका. या शेल्बीला क्लच पेडल नाहीच म्हणे? मॅन्युअल मिळतच नव्हती? मग ७६० घोडे काय नि ७ हजार काय. लगाम दुसऱ्याच्या हातात देऊन घोड्यावर बसायचं.

कॅलिब्रेशनवाली
नव्हती मिळत. हिची धाकटी बहीण जीटी-३५० फक्त मॅन्युअल, जीटी-५०० फक्त ड्युअल क्लच. एवढा टॉर्क सुरू असताना माणसाला त्या वेगाने गिअर बदलता येत नाही, तिथे माणूस हरतो. पण तुमचं दुःख मला कळतं. मी स्वतः चालवते ती मॅन्युअल.

नोव्हीकर
सगळं वाचलं, दोनदा. उत्तरं देतो.

ट्रॅकवर जाणार का? ताई, खोटं बोलत नाही : वर्षातून एकदा, फार तर दोनदा. बाकी ऑगस्टमध्ये वूडवर्ड ॲव्हेन्यूला, ड्रीम क्रूझ या गाड्यांच्या मिरवणुकीत. तिथे ताशी १५ मैलांनी जायचं असतं, हिशेबी_भाऊंना आधीच सांगून टाकतो.

टेस्लाबद्दल : माझ्या शेजाऱ्याची आहे, चालवली आहे. पोटात गोळा येतो, खरं आहे. पण तो लिफ्टमध्ये येतो तसा येतो. मी गिरणीच्या सुराचे पैसे देतोय, सेकंदांचे नाही. हे आकड्यात मांडता येत नाही म्हणून हिशेबी_भाऊ ते शून्य धरतात. मला तिथेच आक्षेप आहे. लोक पैठणीला धाग्यामागे किती रुपये विचारत नाहीत.

कॉर्व्हेट जास्त चांगली गाडी आहे हे मान्य. तरी नको. का ते नीट सांगता येत नाही. ही शेल्बी फ्लॅट रॉकच्या कारखान्यात जोडली गेली, माझ्या घरापासून पाऊण तासावर. तिथले दोन जण आमच्या गणपतीला येतात. हे कारण म्हणून चालेल का बघा.

आणि एक गोष्ट तुमच्या बाजूची. आई सध्या इथे आहे, तिला गाडी दाखवायला नेलं. पुढच्या सीटवर बसायला वाकली आणि म्हणाली, "एवढ्या पैशात बसायला जरा उंच नाही का देत?"

पेठेतला
आईंचा मुद्दा सगळ्या धाग्यात भारी.

हिशेबी_भाऊ
पैठणी नेसून कुणी ताशी १५ मैल मिरवत नाही. बरं, मिरवतात. ती उपमा तुम्हाला देऊन टाकली.

पण सूर ऐकायचे ८८ हजार का? इथे माझा शेवटचा विरोध नोंदवतो. हौसेला मोल नसतं, पण यार्डवाल्याला ते अगदी बरोबर माहीत असतं. छापील किमतीच्या वर तो जे मागतोय त्यात एकही जादा घोडा नाही, एकही जादा सूर नाही. ही गाडी पहिल्यांदा आली तेव्हाही एका डीलरकडे काचेवर दुसरा कागद चिकटवलेला मी पाहिला होता, "मार्केट ॲडजस्टमेंट", ३० हजार. जीटी-५०० साठी ७४ हजार का, यावर ताईंनी मला अर्धं पटवलं. वरचे १४ हजार कशासाठी, हे कुणीही सांगितलेलं नाही. ७८ ला तोडा. नाही म्हणाला तर उठून या. मार्चमध्ये बर्फ असताना जा, भाव उतरतो.

ट्रॅकवेडा_ओहायो
+१. आणि घेण्याआधी टायरांवरची तारीख बघा. ९ हजार मैल म्हणजे टायर बहुधा मूळचेच. दोन हजार तिथेच कापून मागा.

नोव्हीकर
७८ चा आकडा लिहून ठेवला. बायकोनेही धागा वाचला. तिचा किमतीवर आक्षेप नाही, हे ऐकून मीच घाबरलो. तिने एवढंच विचारलं की हिवाळ्यात ही गॅरेजमध्ये पाच महिने झोपणार, कोरोला बाहेर बर्फात, मग स्नो-ब्लोअर कुठे ठेवायचा? मी टेप घेऊन मोजून आलो. मावत नाही. मागच्या अंगणात शेड टाकावी लागेल.

हिशेबी_भाऊ
शेडचे तीन हजार. ७५ ला तोडा.