मदत हवी आहे: आखातातील वेल्डरची नोकरी, करारात ‘हेल्पर’ आणि पासपोर्ट एजंटाकडे

नमस्कार. मी गोव्यातील डिचोली तालुक्यातला. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, तेव्हापासून आमच्याकडच्या खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांच्या घरांतील मुले आखाताकडे पाहू लागली आहेत. माझा भाचा त्यांतलाच. दहावी नापास झाल्यावर त्याने आयटीआयमधून वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. दहावी नसल्यामुळे त्याच्या पासपोर्टवर ईसीआरची (उत्प्रवास परवानगी आवश्यक) नोंद आहे. म्हणजे यूएई, कतार, ओमान अशा 18 देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी त्याला सरकारची उत्प्रवास परवानगी काढावी लागते.

म्हापशातील एका एजंटाने त्याला दुबईतील काम दाखवून 1,20,000 रुपये मागितले. त्यांपैकी 40,000 रोख दिले गेले असून पावती म्हणून वहीच्या फाडलेल्या पानावर आकडा आणि एक वेडीवाकडी सही, एवढेच हाती आहे. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, हे मला पैसे दिल्यानंतर कळले. हे गृहस्थ मुंबईतील एका संस्थेचा परवाना क्रमांक दाखवतात. तो सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर सापडतो, परंतु तिथे म्हापशाचा पत्ता नाही.

कराराचा फोटो मोबाइलवर आला, त्यात पद ‘हेल्पर’ लिहिले आहे. विचारले तर ‘कागदावर तसेच घालतात, आधी व्हिजिट व्हिसावर जाऊ दे, तिथे सगळे बदलून मिळते’ असे उत्तर आले. बोटीवर नोकरीला जाणाऱ्यांना सल्ला द्यायला सासष्टी-बार्देशात घरोघरी माणसे आहेत. वेल्डरच्या मुलाला विचारायला आम्हाला कोणी नाही.

मुंबईच्या संस्थेने या गृहस्थांना खरोखर नेमले आहे का, याची खात्री लेखी कशी करून घ्यावी? दिलेल्या रकमेपैकी काही परत मिळवण्यासाठी तक्रार पोलिसांत करावी की उत्प्रवासी संरक्षकांकडे (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचे सरकारी अधिकारी)? आणि कामाविषयी: आयटीआयमध्ये त्याचा हात प्लेटवरील आर्क वेल्डिंगवर बसला आहे, पाइपचे आर्गन वेल्डिंग त्याने जवळपास केलेलेच नाही. अशा वेळी आधी वास्कोच्या गोदीत वर्षभर अप्रेंटिसशिप करून, 6जी चाचणीची (तिरप्या, स्थिर पाइपवरील वेल्डिंगची परीक्षा) तयारी झाल्यावर अर्ज करणे बरे, असे मला वाटते. भाच्याला ते पटत नाही. तिकडे वेल्डर म्हणून काम केलेल्या कोणी त्याला समजेल असे लिहावे.

मूळ पासपोर्ट अजून एजंटाकडेच आहे. शनिवारी आम्ही तो मागायला जाणार आहोत, तेव्हा त्याआधी उत्तर मिळाले तर उपकार होतील.