शब्दचर्चा : ‘समुद्रफेन’, ‘खरवड’ आणि पाइप ‘ओढणे’

प्रश्न

निरनिराळे पाइप आणि त्यांत भरण्याच्या तंबाखूंचे मेळ यांविषयी मराठीत लिहायला बसलो आहे, पण दर दोन ओळींनंतर शब्द अडतो. मीरशॉम या पांढऱ्या, हलक्या खनिजातून कोरलेल्या पाइपला ‘समुद्रफेनाचा पाइप’ म्हणता येईल का? ब्रायरच्या लाकडी पाइपच्या वाटीला आतून जो जळका थर धरतो, त्याला कोणता शब्द योजावा? आणि पाइप ‘ओढावा’ की ‘प्यावा’?

प्रतिसाद १

‘मीरशॉम’ या जर्मन शब्दाचा अर्थ समुद्राचा फेस असाच आहे, त्यामुळे भाषांतर म्हणून ‘समुद्रफेन’ चोख वाटतो. परंतु आपल्याकडे ती जागा आधीच भरलेली आहे. वैद्यकात समुद्रफेन म्हणजे माकूलवर्गीय सागरी प्राण्याच्या पाठीतले पांढरे, सच्छिद्र, बोटाने चुरता येणारे कवच होय. दोन्ही वस्तू रंगाने पांढऱ्या, वजनाने हलक्या आणि आतून सच्छिद्र असल्याने घोटाळा होणे स्वाभाविक आहे, आणि विशेष म्हणजे शास्त्रीय नावातही हेच साम्य उतरले आहे : ग्लॉकर या खनिजशास्त्रज्ञाने 1847 मध्ये या खनिजाला ‘सेपिओलाइट’ हे नाव दिले, ते त्या प्राण्याच्या ‘सेपिया’ या ग्रीक नावावरून, कारण खनिज त्याच्या कवचासारखे दिसते. ज्या तुर्कस्तानात एस्कीशेहिरच्या परिसरात हे खनिज सापडते, तिथे मात्र फेसाचा उल्लेखही नाही. तिथला शब्द ‘लुलेताशी’, म्हणजे सरळ चिलमीचा दगड. माझ्या मते ‘मीरशॉम’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात त्याचा अर्थ सांगावा.

या पाइपसाठी एक अस्सल मराठी क्रियापद मात्र सुचवतो. वापरागणिक मीरशॉम धुरातला अर्क शोषतो आणि खडूसारखा पांढरा पाइप दांडीच्या बाजूने आधी पिवळसर, मग मधाच्या रंगाचा, पुढे तपकिरी होत जातो. त्याला ‘रंग बदलणे’ म्हणू नये, ‘पिकणे’ म्हणावे. पान पिकते, केस पिकतात, तसाच हा पाइपही पिकतो.

प्रतिसाद २

वाटीतल्या थराला ‘काजळी’ म्हणणारे पुष्कळ आहेत, पण काजळी बोटाला लागते आणि पुसली जाते. हा थर तसा नसतो. तो कोळशासारखा घट्ट असतो, लाकडाला चिकटून बसतो आणि निखाऱ्याच्या आचेपासून त्याला राखतो; मात्र प्रमाणाबाहेर जाड झाला तर तापल्यावर फुगून तोच लाकूड तडकवतो, म्हणून साधारण मिलिमीटरभर ठेवून बाकीचा तासून काढावा लागतो. भांड्याच्या बुडाशी करपून धरते आणि उलथन्याने काढावी लागते ती ‘खरवड’. तोच शब्द इथे नेमका बसतो, कारण त्यात धरणे आणि खरवडणे या दोन्ही क्रिया आहेत.

‘चिलीम’ हा शब्द पाइपसाठी वापरू नये, हेही सांगावेसे वाटते. चिलीम उभी धरतात, तिच्या तळाशी खडा असतो आणि तोंडाशी ओल्या फडक्याची छापी गुंडाळतात. पाइपला यांपैकी काहीच लागत नाही.

प्रतिसाद ३

‘ओढणे’ रूढ आहे, पण ‘पिणे’ चूक नाही. बोलीत विडी आणि हुक्का आजही ‘पितात’, आणि ‘धूम्रपान’ या शब्दातही पानच आहे. चरकसंहितेत औषधी वनस्पतींच्या धुरासाठी ‘धूमपान’ हा शब्द असून त्यासाठीच्या नळीला ‘धूमनेत्र’ म्हटले आहे. प्रयोजनानुसार तिची लांबी 24, 32 किंवा 36 अंगुळे सांगितली आहे. (‘धूम’ म्हणजे धूर आणि ‘धूम्र’ म्हणजे धुरकट, त्यामुळे व्याकरणाच्या दृष्टीने ‘धूमपान’ हेच रूप अधिक नेटके आहे.) पाइपच्या बाबतीत तर मला ‘पिणे’ अधिक खरे वाटते, कारण इथे धूर छातीत न घेता तोंडातच घोळवतात. घाईने ओढल्यास तंबाखू तापते, जीभ भाजल्यासारखी चुरचुरते आणि चव हरवते. म्हणून ‘झुरका’ सिगारेटला द्यावा, पाइपला ‘घुटका’ शोभतो.

प्रश्नकर्ता

‘खरवड’, ‘पिकणे’ आणि ‘घुटका’ हे तिन्ही शब्द मनापासून स्वीकारतो. ‘मिश्रण’ या शब्दात औषधाच्या दुकानाची छाया येते, म्हणून मी ‘मेळ’ लिहितो. त्यात व्हर्जिनियासारखी गोडसर पाने पायाला असतात, आणि धुरावलेली लताकिया किंवा दाबून आंबवलेली पेरीक ही मसाल्याची पाने. मसाला चिमटीने घालायचा, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. अडलेले वाक्य आता असे झाले आहे : ‘सकाळी खरवड धरलेल्या ब्रायरमध्ये नुसती व्हर्जिनिया भरतो, आणि रात्री, अर्ध्याहून अधिक पिकलेल्या मीरशॉममधून लताकियाचा मेळ घुटक्याघुटक्याने पितो.’