घरगुती हायड्रॉलिक लाकूडफोड यंत्र: गर्डर आणि पंपावर अडलोय, मदत हवी आहे

कातळकोपरा
नमस्कार मंडळी. मुक्काम कुडाळ तालुका. बागेतल्या जुन्या काजूंची आणि ऑस्ट्रेलियन बाभळींची तोड झाली (रीतसर परवानगी काढून, तेव्हा तो विषय इथे नको). ओंडके मांगराशेजारी रचून ठेवलेत. आगोटीच्या आत फोडून पडवीत जायला हवेत, नाहीतर पावसाळाभर न्हाणीत धूरच धूर. कुऱ्हाडीने फोडणारा गडी सहसा मिळत नाही, आणि मिळालाच तर काजूचा गाठाळ बुंधा बघून "हो रवांदे" म्हणून बाजूला ठेवतो.

यंत्र घरीच करायचं ठरवलंय. कोल्हापूरला उद्यमनगरातून एक जुना सिलिंडर आणलाय: बोअर (आतला व्यास) 100, रॉड 50, स्ट्रोक (रॉडची चाल) 600 मिमी, सील नवीन. बंद पडलेल्या भातगिरणीची 5 एचपी, 1440 आरपीएमची थ्री फेज मोटर घरात आहे. स्लॅबच्या कामातून उरलेला आयएसएमबी 150 चा (आय आकाराचा, 150 मिमी उंच) लोखंडी गर्डरही आहे. आडवंच करणार. गर्डरच्या एका टोकाला सिलिंडर, दुसऱ्या टोकाला पक्की पाचर, मध्ये ओंडका. सिलिंडरची मध्यरेषा गर्डरच्या वरच्या पट्टीपासून 100 मिमी उंच येते. तेलाचा दाब 160 बार धरला तर जोर 12.8 टन निघतो, तेवढा पुरे असं वाटतं.

प्रश्न असे: दुकानदार 16 सीसीचा (एका फेऱ्यात 16 सीसी तेल देणारा) गिअर पंप घ्या म्हणतोय, तो या मोटरवर चालेल का? गर्डर पुरेल का? आणि पाचर कशाची करावी? तयार यंत्र विकत घ्या, हा सल्ला कृपया नको. तो घरून रोज मिळतोच.

तेलकट_हात
16 सीसी या मोटरवर 160 बारला चालणार नाही. 1440 ला तो मिनिटाला 23 लिटर तेल फेकतो. लिटर गुणिले बार भागिले 600 म्हणजे किलोवॅट, वर पंपाचं नुकसान धरा. सात किलोवॅटच्या पुढे जातं, म्हणजे साडेनऊ एचपी. तुमची मोटर 80 बारच्या आसपासच दमेल, म्हणजे साडेसहा टन. पहिल्याच गाठीला ओव्हरलोड रिले पडेल.

8 सीसी घ्या. जोर पुरा मिळेल, पण वेग बसेल. सिलिंडर पूर्ण बाहेर यायला पावणेपाच लिटर तेल लागतं, म्हणजे जायला 27 सेकंद आणि परत यायला 20. यावर उपाय म्हणजे डबल पंप, 12 आणि 8 सीसी एकाच शाफ्टवर. रिकाम्या चालीत दोन्ही तेल देतात. दाब 40 बारवर गेला की अनलोडिंग व्हॉल्व्ह 12 सीसीचं तेल टाकीत सोडतो आणि 8 वाला एकटा जोर लावतो. रिकामी चाल दहा-अकरा सेकंदांवर येते.

बर्फातला_कोकणी
इकडे ओंटारिओत लाकूडफोडं भाड्याने मिळतात, त्यांत हाच टू-स्टेज पंप असतो, फक्त पेट्रोल इंजिनवर. एक गोष्ट वापरून कळली: बहुतेक ओंडके पाचर चार बोटं आत गेली की फाटतात. तिथेच लिव्हर उलटा करा. आणि रॉड पूर्ण मागे नेऊ नका, ओंडका जेमतेम बसेल एवढाच न्या. निम्मा वेळ तिथेच वाचतो.

आडवा_छेद
पंपापेक्षा गर्डरची काळजी करा. 12.8 टन गर्डरच्या पोटातून जात नाहीत, वरच्या पट्टीच्याही 100 मिमी वरून जातात. 150 च्या गर्डरची मध्यरेषा त्याखाली आणखी 75 मिमी. म्हणजे 12.8 टन गुणिले 0.175 मीटर, साधारण 2.2 टन-मीटरचं वाकवणारं बळ. आयएसएमबी 150 चा सेक्शन मॉड्युलस (छेदाची वाकण्याला तोंड देण्याची ताकद) 97 घनसेमीच्या आसपास. वाकण्याचा आणि सरळ ताणाचा मिळून वरच्या पट्टीत 290 न्यूटन प्रति चौरस मिमीपेक्षा जास्त ताण येतो. साधं स्टील 250 लाच कायमचं वाकायला लागतं. गर्डर मधोमध वर उचलला जाईल, कुबड येईल, आणि रॉड तिरका झाला की नवीन सील गेलीच.

आयएसएमबी 200 घेतलात तर हाच ताण 150 च्या घरात येतो. वजन मीटरला 25 किलो, पण चाकं लावणारच असाल ना? हातातल्या 150 वरच भागवायचं तर रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरल्यापेक्षा वर गेला की तेल टाकीत सोडणारा) 100 बारवर लावून तिथेच पक्का करा, कुणी फिरवायला नको. आठ टन मिळतील. बाभळीला पुरतील, काजूच्या बुंध्याचं सांगता येत नाही.

ठिणगीताई
पाचरीबद्दल. 25 मिमीची प्लेट, उंची 200 मिमीपर्यंत, धार दोन्ही बाजूंनी मिळून 30 अंशांच्या आत. धारेवर हार्डफेसिंगचा (झीज सोसणाऱ्या कठीण वेल्डिंगचा) एक थर दिला की बास. वस्तऱ्यासारखी धार नको, ती दुमडते. लाकूड चिरायचं नाही, फाकवायचं आहे. वेल्डिंग 7018 रॉडने, रॉड भट्टीत वाळवून. पाचरीच्या पाठीमागे दोन्ही बाजूंना टेकू द्या, कारण सगळा जोर तिला मागे लोटत असतो. सिलिंडरचं बूड गर्डरला वेल्ड करू नका, पिनवर ठेवा. गाठीत ओंडका वळला की सिलिंडरला थोडं हलू द्यावं लागतं.

तेलकट_हात
राहिलेलं: तेल 68 ग्रेड, टाकी 50 लिटरच्या खाली नको, सक्शन पाइप एक इंचाच्या वर. होज दोन जाळीचीच. गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा. 160 बारची बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरते, वर फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आणि बोट कापायची वेळ येते. तसं झालं तर दुखत नसलं तरी तडक सर्जन गाठायचा. दुसरं, ओंडका ठेवणारा आणि लिव्हर धरणारा माणूस एकच हवा. हात सोडला की लिव्हर मध्यावर यायला हवा.

कातळकोपरा
आडवा_छेद, हिशोब कागदावर मांडून बघितला, बरोबर येतोय. 150 चा गर्डर गोठ्याच्या छपराला जाईल. डबल पंप उद्यमनगरात विचारतो. ताई, 7018 आमच्या वेल्डरकडे नाही, तो सगळं 6013 नेच करतो. पाकीट मी आणून दिलं तर त्याच्या साध्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर चालेल का?

ठिणगीताई
मशीनवर लिहिलेला ओपन सर्किट व्होल्टेज बघा. 70 च्या वर असेल आणि पाकिटावर एसी चालेल असं छापलेलं असेल तर चालेल. नाहीतर इन्व्हर्टर मशीन एका दिवसासाठी भाड्याने आणा. आणि आधी दोन भंगार तुकडे जोडायला लावा, घणाने तोडून बघा, मगच त्याला पाचरीला हात लावू द्या.

कातळकोपरा
बघतो. 200 चा गर्डर कणकवलीत दोन मीटरचा तुकडा कापून कुणी देतं का? माहीत असेल तर सांगा.