वरण-बट्टीसोबत ओव्हनमधले कुरकुरीत बटाटे कसे करायचे?

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. रविवारी घरी वरण-बट्टीचा बेत आहे, दहा-बारा माणसं. बट्ट्या तळलेल्या, त्यावर तुपाची धार, घोटलेल्या वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग. त्यात आणखी तळण नको म्हणून तोंडी लावायला ओव्हनमध्ये कुरकुरीत बटाटे करायचं ठरवलंय. २८ लिटरचा ओटीजी आहे, दोन रॉडचा, पंखा नाही.

सध्या मी असं करते: बटाटे सालासकट चिरायचे, तेल, तिखट, मीठ, ठेचलेला लसूण चोळायचा आणि २०० अंशावर ४० मिनिटं. लसूण काळा पडून कडू होतो, कडा करपतात, मध्ये चिवट राहतं. ताटात पोचेपर्यंत तर सगळं मऊच. बटाटे बाजारातून इंदुरी म्हणून आणलेत. बाहेर कोंब फुटतात म्हणून फ्रिजमध्ये ठेवते.

कॉर्नफ्लोअर लावलं तर फरक पडेल का? सासूबाईंचं म्हणणं, "एवढा वेळ लाईट जाळण्यापेक्षा कढईत टाक की." त्यांचं ऐकायची वेळ येऊ देऊ नका.

शिरपूरकर

एअर फ्रायर घ्या ताई. पंधरा-वीस मिनिटांत काम तमाम. नाहीतर मग कॉर्नफ्लोअर दोन चमचे, आमच्याकडे तेच लावतात.

खळ्यावरची (यावल तालुका)

शिरपूरकर भाऊ, रविवारच्या बेताला शनिवारी नवं यंत्र आणायचं म्हणता? बारा माणसांचे बटाटे त्या टोपलीत करत बसल्या तर वरण गार होईल.

गिरणाकाठ ताई, कुरकुरीतपणा ओव्हनच्या आधी पातेल्यात तयार होतो. ओव्हन नुसतं वाळवतो आणि रंग देतो. तुम्ही चोळाचोळीत जो वेळ घालवता तो उकळण्यात घाला.

पण त्याआधी बटाटा. कच्चा बटाटा फ्रिजमध्ये ठेवला की थंडीने त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. ती साखर ओव्हनमध्ये लवकर जळते, म्हणून आत शिजायच्या आधी तुमच्या कडा काळ्या. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमाराला जो गोडसर बटाटा मिळतो तो शीतगृहातला, त्याचंही हेच रडगाणं. दोन आठवडे घरात टोपलीत, अंधाऱ्या जागी ठेवला तर गोडी बरीचशी उतरते. तुमच्याकडे तेवढे दिवस नाहीत, तेव्हा हे फ्रिजमधले रश्शात संपवा आणि नवे आणा. सध्या वाळवणाचे दिवस आहेत, गाडीवाले 'चिप्सचा बटाटा' म्हणून वेगळा ढीग लावतात. तोच घ्या, भाव थोडा जास्त असला तरी. साल जाडसर, हाताला जड, कापल्यावर सुरीला पांढरं लागतं. चिप्सोना जातीचा मिळाला तर आणखी काय हवं. पिवळसर गराचा पुखराज रश्शाला चांगला, पण त्यात पाणी फार. आणि अगदी कोवळे, बोटाने साल निघणारे नवे बटाटे तर यासाठी घेऊच नका, कितीही उकळा, ते गुळगुळीतच राहतात.

आता कृती, एक किलोची. साल काढा. (सालीचे तुकडे हल्ली हॉटेलात आवडीने खातात, खाऊ देत. सालीला हा खरखरीतपणा येत नाही.) लहान लिंबाएवढ्या फोडी करा. बारीक चिरायचा मोह होतो, पण बारीक फोड नुसती वाळते, आत मऊ काही उरत नाही. दोन लिटर पाण्याला उकळी आणा, त्यात दोन मोठे चमचे मीठ आणि अर्धा छोटा चमचा खायचा सोडा. पापडखार नको, तो जास्त तीव्र असतो. सोड्याने फोडीचा बाहेरचा थर सुटा होतो. या पाण्यात लिंबू किंवा व्हिनेगर चुकूनही पडू देऊ नका, आंबटाने नेमकं उलटं होतं, फोड घट्ट राहते. उकळीनंतर दहा मिनिटांत सुरी सहज आत गेली पाहिजे. कुकर लावू नका, शिटीवर अंदाज राहत नाही.

पाणी नितळून फोडी परत त्याच गरम पातेल्यात, मंद आचेवर मिनिटभर, वाफ निघून जाईपर्यंत. मग पाव वाटीला थोडं कमी तूप घाला, झाकण दाबून धरा आणि पातेलं चांगलं हलवा. घाबरू नका व माय, फोडी मोडत नाहीत. झाकण काढल्यावर कडा पिंजलेल्या कापसासारख्या दिसायला हव्यात आणि सगळीकडे बटाट्याचाच जाड लेप. तोच लेप भाजून कुरकुरीत होतो. कॉर्नफ्लोअरचं काम बटाटा स्वतः करतो, वरून लावलेलं पीठ पिठूळच लागतं.

तूप का म्हणाल, तर घाणीचं शेंगदाणा तेल मलाही प्रिय आहे, पण एवढ्या उष्णतेला ते धुरावतं आणि घरभर वास. तूप नको असेल तर रिफाइंड शेंगदाणा तेल चालेल. लसूण-तिखट ओव्हनमध्ये पाठवू नका, दोन्ही जळणारच. लसूण ठेचून त्याच तुपात मंद आचेवर बदामी करा, गाळून घ्या. तूप फोडींना, लसूण वाटीत बाजूला. तिखटही त्याच वाटीत.

ओव्हन २२० अंश, दोन्ही रॉड चालू, रिकामा ट्रे आत ठेवून तापवा. तापलेल्या ट्रेवर फोडी टाकल्या की चर्र आवाज यायला हवा. एकेक थर, फोडीला फोड चिकटू देऊ नका, नाहीतर एकमेकींच्या वाफेत शिजत बसतात. पहिली वीस-पंचवीस मिनिटं हात लावू नका. लवकर उलटल्या तर लेप ट्रेला चिकटून राहतो. तळ तांबूस झाला की पातळ उलथन्याने सोडवा, पालथ्या करा आणि आणखी वीस-पंचवीस मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या लसूण-तिखट, कोथिंबीर, थोडं मीठ. कागद-फॉइल अंथरायची गरज नाही, पत्र्यावर रंग चांगला येतो.

तापीकाठ (शेतकरी)

खळ्यावरची ताईंनी बटाट्याचं बरोबर सांगितलं. ढिगातला कुठला पिठूळ आणि कुठला पाणचट हे घरी बघायचं असेल तर अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवा आणि कच्चे बटाटे सोडा. जड, स्टार्चवाले बुडतात, पाणचट तरंगतात. बुडालेले ओव्हनला, तरंगलेले भाजीला. मीठ वाया जात नाही, तेच पाणी पुढच्या बटाट्यांना वापरा.

आमच्याकडे हंगामात पुण्याकडच्या सातगाव पठारचा मालही येतो, पण चिप्सवाले अजूनही इंदूरकडचाच मागतात.

भुसावळी वायरमन

स्वयंपाकातलं मला फार कळत नाही, पण "मध्ये चिवट" वाचून एक विचारतो. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज किती असतं? ओव्हनचा रॉड साधा हीटर आहे, त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० ला १,६०० वॅट देणारा ओव्हन १८० व्होल्टवर जेमतेम ९८० वॅट देतो. गावाकडे शेतीपंप एकदम चालू झाले की असं सर्रास होतं. मग काटा २२० अंशांवर लावूनही आत तेवढं तापतच नाही, बटाटे बिचारे उकडतात. थर्मोस्टॅटचा लाल दिवा विझेपर्यंत थांबा, तोवर ट्रे आत घालू नका. अर्ध्या तासात विझलाच नाही तर दोष बटाट्याचा नाही. अशा वेळी पहाटे किंवा दुपारी करा. आणि ओव्हनला १६ अँपिअरचाच सॉकेट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड लावू नका.

नंदुरबारी

आमच्या गावच्या मिरचीचं तिखट घाला, पण ते शेवटी, हे खरंच. मी लेपात एक चमचा बारीक रवा घालते, रंग छान येतो.

खळ्यावरची

रवा चालतो, हे मान्य. कोरडा कुरकुरीतपणा येतो, थोडा दाणेदार. मला नुसता बटाटा आवडतो, पण पाहुण्यांना रव्याचा आवाज आवडेल.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. वायरमन भाऊ, दुपारी करीन, संध्याकाळी आमच्याकडे पंखासुद्धा मलूल फिरतो. आता दोनच प्रश्न. बारा माणसांना दोन किलो धरलेत, ट्रे एकच. आणि सकाळी बट्ट्यांचं पीठ, वरण, वांगी यात बटाटे उकडायला हात मोकळा नाही, तर शनिवारी रात्री उकडून ठेवले तर? पण तुम्ही तर फ्रिज नको म्हणालात.

खळ्यावरची

नको म्हटलं ते कच्च्याला. उकडलेल्या बटाट्यात साखर होत नाही, ती करणारी रसायनंच उकळताना निकामी होतात. उलट रात्रभर ताटात पसरून, न झाकता ठेवले तर वरचा थर वाळतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी कुरकुरीत होतात. फक्त फ्रिजमध्ये चिरलेला कांदा उघडा ठेवू नका. तूप मात्र सकाळी लावा. थंड फोडीवर ते लगेच थिजतं, म्हणून आधी चांगलं गरम करून घ्या. आणि थंड फोडींना ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं जास्त द्या.

एका ट्रेला एक किलोच. पहिला घाणा थोडा फिकट असतानाच काढा, परातीत पसरून ठेवा, ढीग करू नका आणि वर ताट झाकू नका, झाकलं की वाफेनं मऊ पडलंच. मग दुसरा. शेवटी बट्ट्या तळायला तेल तापत ठेवाल तेव्हा पहिला घाणा परत आठ-दहा मिनिटं आत. लसूण-तिखट दोन्ही घाण्यांना एकदमच लावा. सासूबाईंना पहिली वाटी द्या आणि त्यांचं मत इथे लिहा.